नाशिकरोडच्या कारागृहापासून घरातल्या धाकट्या भावापर्यंत : तुरुंगसेवा कशी उभी करावी

नाताळ जवळ आला की मंडळ्यांना तुरुंग आठवतो. केक, ब्लँकेटं, गाण्यांची पार्टी, अधीक्षकसाहेबांना शाल आणि नारळ. जानेवारी उजाडला की सगळं गुंडाळलं जातं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. आतल्या माणसाला डिसेंबरातला एक तास बरा जातो. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू ‘मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात’ असं म्हणतो, तिथे भेट म्हणजे कार्यक्रम नव्हे.

हा लेख नाशिकमधल्या मंडळ्या, तरुण संघ, महिला मंडळं आणि एकेकट्याने काम करणाऱ्या विश्वासू लोकांसाठी आहे. आत जो भेटतो त्याचं घर बाहेर असतं, आणि त्या घरात बहुतेकदा चौदा-पंधरा वर्षांचा एक धाकटा भाऊ किंवा मुलगा असतो. गल्लीत त्याची ओळख ‘अमक्याचा भाऊ’ अशी पडलेली असते. काही पोरं त्याला टाळतात, काही त्याच्याभोवती जमतात. तरुणांना गुन्हेगारीपासून वळवायचं असेल तर शिबिरं, पथनाट्यं नंतर करा. आधी हा एक पोरगा गाठा. त्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट कारागृहाच्या फाटकातून जाते, म्हणून सुरुवात तिथून.

आधी कोण कुठे असतं ते समजून घ्या

जेलरोडवरचं नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह १९२७ पासूनचं आहे. बंद्यांनी घडवलेल्या गणपतीच्या मूर्ती आणि लाकडी फर्निचर यांमुळे ते नाशिककरांना ठाऊक असतं. आत दोन प्रकारचे लोक असतात : शिक्षा लागलेले, म्हणजे सिद्धदोष बंदी, आणि खटला चालू असलेले न्यायाधीन बंदी. त्यांनाच लोक पक्के आणि कच्चे कैदी म्हणतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली जवळपास ७६ टक्के न्यायाधीन होती. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या चारांपैकी तिघांना अजून कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही. त्यांच्यापुढे पश्चात्तापावर प्रवचन सुरू करण्याआधी हे ध्यानात ठेवा.

अठरा वर्षांखालच्यांची गोष्ट वेगळी. त्यांना तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. ते बाल न्याय मंडळासमोर जातात आणि गरज पडल्यास निरीक्षणगृहात राहतात. नाशिकमध्ये निरीक्षणगृह उंटवाडीला आहे. अठरा ओलांडलेल्या तरुण बंद्यांसाठी नाशिकमध्ये किशोर सुधारालय आहे. त्यामागचा बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ सालचा. तीन जागा, तीन वेगळे कायदे, तीन वेगळ्या परवानग्या. एकाच अर्जावर तिन्ही ठिकाणी जाता येईल असं समजून कुणी निघू नये.

माणसं निवडताना

पाच-सहा जण पुरेत. त्यात एक बाई हवीच, कारण महिला विभागात फक्त महिलांनीच जावं. एक जण कायद्याची कागदपत्रं वाचू शकणारा, एक जण हिशेब ठेवणारा, आणि किमान दोघं असे की ज्यांना गप्प बसून ऐकता येतं. या शेवटच्या प्रकारची माणसं मंडळीत सगळ्यात कमी सापडतात.

कुणाला घेऊ नये तेही सांगतो. ज्याला प्रत्येक ठिकाणी आपली साक्ष अर्धा तास सांगायची असते त्याला घेऊ नका. गुन्ह्याच्या सुरस कथांची ज्याला हौस आहे त्याला तर मुळीच नको. ज्याचा जवळचा नातेवाईक आत आहे त्याने स्वतःच्या माणसाला मुलाकतीच्या खिडकीवर भेटावं, सेवेच्या गटातून नव्हे. त्याने गटाची आणि त्या बंद्याची, दोघांची अडचण होते.

गटाचा एक नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या : ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न कुणीही, कधीही विचारायचा नाही. बंद्याने स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं आणि बाहेर कुठे बोलायचं नाही. प्रार्थनासभेतसुद्धा नाही. ‘अमक्या केसमधल्या भावासाठी प्रार्थना करू या’ म्हणताना संध्याकाळपर्यंत ती बातमी देवळाली कॅम्पपर्यंत पोचलेली असते.

हे काम एकट्या पंथाचं करू नका. नाशिकमध्ये कॅथलिक आहेत, उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, मेथडिस्ट आणि पेंटेकोस्टल गट आहेत. कारागृहाच्या कार्यालयात चार मंडळ्यांचे चार अर्ज चार वेगळ्या रविवारांसाठी आले की तिथला कारकून वैतागतो, आणि त्याचं बरोबरच आहे. कॅथलिकांकडे या कामाची जुनी बांधणी आहे : प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही चळवळ १९८१ मध्ये केरळात सुरू झाली आणि आज देशभर पसरली आहे. तिचे स्वयंसेवक भेटले तर आधी त्यांच्याबरोबर जा, शिका, मग आपला गट उभा करा.

परवानगी

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे, मंडळीच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर द्या. प्रकरण पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जाऊ शकतं, तेव्हा निदान दोन-तीन महिन्यांची तयारी ठेवा. अर्जात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र, कोणत्या वारी किती वेळ, आत नेमकं काय करणार, आणि कोणत्या वस्तू नेणार. ढोलकी, टाळ, हार्मोनियम न्यायची असेल तर तेही लिहा. चारित्र्य पडताळणी मागितली तर कुरकुर करू नका.

‘काय करणार’ या रकान्यात ‘धर्मप्रसार’ किंवा ‘सुवार्ता’ असले गोल शब्द टाकू नका आणि काही लपवूही नका. ख्रिस्ती बंद्यांसाठी उपासना आणि बायबलवाचन, इच्छुक सर्वांसाठी व्यसनमुक्ती, साक्षरता, पत्रलेखन किंवा समुपदेशन : दोन भाग वेगळे दाखवा आणि प्रत्यक्षातही वेगळे ठेवा. आत कुणाला धर्म बदलायला सांगायचं नाही, सुचवायचं नाही, बक्षीस म्हणून काही द्यायचं नाही. कायद्याचा धाक हे याचं एक कारण. त्याहून मोठं कारण असं की ज्याच्या हातात स्वतःच्या जेवणाची वेळही नाही त्याच्याकडून घेतलेला होकार हा होकार नसतो. त्याला पुढे ख्रिस्ताकडे यायचंच असेल तर तो बाहेर आल्यावर, मोकळ्या पायांनी चर्चची पायरी चढेल.

मोबाइल, रोकड, तंबाखू, औषधं, घरून आणलेलं अन्न यांपैकी काहीही खिशात नको. झडती होईल. पाळकांचीही होईल. फोटो निघणार नाहीत, तेव्हा मंडळीच्या ग्रुपवर टाकायला काही मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा. काही स्वयंसेवक इथेच गळतात आणि ते चांगलंच आहे.

आत गेल्यावर

वेळ पाळा. महिन्यातून एकदा जमणार असेल तर महिन्यातून एकदाच सांगा, पण तो वार चुकवू नका. आतल्या माणसाचं आयुष्य तारखेवर चालतं : कोर्टाची तारीख, मुलाकतीची तारीख, रजेची तारीख. आणि त्यातली प्रत्येक तारीख कुणीतरी दुसरा पुढे ढकलत असतो. तुमचा दुसरा शनिवार हा दुसरा शनिवारच राहिला तर सहा महिन्यांत तुमच्या बोलण्याला वजन येतं. त्याआधी येत नाही, कितीही छान बोललात तरी.

बायबलमधलं काय वाचावं? उधळ्या पुत्राचा दाखला सगळेच वाचतात आणि त्यात एक धोका आहे. ज्याचा बाप धावत येणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याला तो दाखला लागतो. मी योसेफापासून सुरुवात करायला सांगेन. खोटा आळ, परदेशातला तुरुंग, आणि सोबतचा प्यालेबरदार सुटल्यावर योसेफाला पार विसरून गेला ही बाब न्यायाधीन बंद्याला समजावून सांगावी लागत नाही. सुटून गेलेल्या मित्राने वकील बघून देतो म्हटलं होतं आणि फोनही उचलला नाही, हा अनुभव बराकीत निम्म्या लोकांचा असतो. त्यानंतर फिलिप्पैतले पौल आणि सीला. त्या प्रसंगात लोक भूकंपावर थांबतात. तुम्ही त्यांच्या जखमा धुणाऱ्या बंदिशाळेच्या नायकावर थांबा. खोलीत एक शिपाई उभा असतोच. तोही ऐकतो. त्याचीही ड्युटी लांबलेली असते, त्याचाही पोरगा दहावीला असतो. त्याच्याशी नीट नमस्कार-चमत्कार ठेवा, नावाने हाक मारा. नंतर जक्कय, आणि त्याबद्दल खाली लिहितो.

गाणी मराठी निवडा, अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवरची. हिंदी-इंग्रजी कोरस तरुणांना आवडतात, पण बागलाण-कळवणचा चाळिशीतला माणूस भजनाच्या चालीत लगेच टाळ धरतो. ख्रिस्ती नसलेलेही धरतात.

निरोप आणि चिठ्ठ्या हा कळीचा प्रश्न आहे. ‘भाऊ, एवढा नंबर लावून घरी सांगा’, ‘ही चिठ्ठी फक्त बायकोला द्या’. मन विरघळतं. तरीही नाही. कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही, आत आणायचा नाही. नकार देताना रस्ता दाखवा : कारागृहाच्या अधिकृत फोनवर नोंदवलेला नंबर, सेन्सॉर होऊन जाणारं पत्र, आणि घराचा पत्ता तुरुंगाधिकाऱ्यांच्या देखत तुमच्या वहीत. पत्र लिहून देणं ही मोठी सेवा आहे. अनेकांना लिहिता येत नाही. त्याने सांगायचं, तुम्ही लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि कार्यालयातून रीतसर टपालात जाऊ द्यायचं.

आणखी एक गोष्ट : ‘प्रार्थना करतो, तुमचा जामीन होईल’ असं म्हणू नका. जामीन झाला नाही तर तो तुमच्यावर रागावणार नाही, देवावर रागावेल.

जामीन अडलेला माणूस

गटातल्या कागद वाचणाऱ्याचं काम इथे सुरू होतं. तो वकील नसला तरी चालेल. त्याने सल्ला द्यायचा नाही, योग्य दारावर नेऊन उभं करायचं. अटकेत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो; विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये तसं आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फौजदारी बचावासाठी लोकअभिरक्षक कार्यालय असतं, आणि राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. घरच्या लोकांना हे बहुधा माहीत नसतं. दागिने गहाण टाकून पहिल्या वकिलाची फी भरलेली असते, दुसऱ्या तारखेपासून वकील फिरकत नाही, आणि बाई कोर्टाच्या आवारात फाइल छातीशी धरून बसलेली असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पाठ करून ठेवा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे सोडले तर, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला जामिनावर सोडायचं असतं. आधी कधीच शिक्षा न झालेल्याच्या बाबतीत ही मर्यादा एक तृतीयांश आहे. एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. मुदत भरताच न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे, पण कोणाची मुदत कधी भरते याची वही तुमच्याकडेही असलेली बरी.

जामीन मंजूर होऊनही पैसे किंवा जामीनदार नसल्याने आत अडकलेले काही जण असतातच. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशानुसार, मंजुरीनंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे : न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या सिद्धदोष बंद्यासाठी तिच्यातून ठराविक रकमेपर्यंत मदत मिळते. अमली पदार्थांच्या खटल्यांना ती लागू नाही. मंडळीच्या निधीतून जामिनाचे पैसे भरण्याचा मोह होईल. माझं मत, भरू नका. जामीनदार म्हणून सभासदांनी सह्याही देऊ नयेत. एकाला दिलं की दुसऱ्याला का नाही याचं उत्तर तुमच्याकडे नसतं, आणि सहा महिन्यांत तुम्ही प्रार्थना करणारे राहत नाही, सावकार होता. तो पैसा घराकडे वळवा.

घर

बंद्याने पत्ता दिला आणि हो म्हटलं, तरच घरी जा. जाताना जोडीने जा, त्यात एक बाई असू द्या, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘चर्चमधून आलोय’ एवढंच. ‘जेलमधून निरोप आहे’ हे दारात उभं राहून बोललात तर त्या घराचं उरलंसुरलं नाव तुम्ही घालवलंत.

पहिल्या भेटीत बायबल उघडू नका. चहा घ्या. मग हळूहळू बघा : रेशनकार्डावर धान्य मिळतं का, घरभाडं कोण भरतं, मुलं शाळेत जातात का, मुलाकतीला जायला गाडीभाडं आहे का. सिन्नर-इगतपुरीहून येणाऱ्या बाईचा मुलाकतीच्या दिवशी रोजही बुडतो आणि भाडंही जातं. महिन्याच्या एका फेरीचं भाडं ही मंडळी सहज देऊ शकेल अशी मदत आहे. मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत बसता येईल का, ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात बाईला सोबत घेऊन विचारा. कारागृहात ‘गळाभेट’ ठरली की मुलांना घेऊन जा. बापाला जाळीशिवाय शिवता येणं याचं मोल तुम्हाला-मला कळणार नाही.

आता तो धाकटा. पहिल्या भेटीत तो बहुधा घरात नसतो, किंवा मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो. त्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात : भाऊ आत गेल्याची लाज, आणि भाऊ ‘भाई’ झाल्याचा माज. लाजेबद्दल तो कुणाशी बोलू शकत नाही. माजाला मात्र चौकात गिऱ्हाईक असतं. बाहेर राहिलेली टोळी त्याला पहिली सिगारेट, पहिली बुलेटवरची चक्कर देते ती याच काळात, भाऊ आत गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. तुम्हाला त्याच काळात तिथे असायला हवं.

त्याला उपदेश नको, माणूस हवा. एक पोरगा, एक मोठा : अशी जोडी लावा. मंडळीतला एखादा कंपनीत काम करणारा पंचविशीचा तरुण सगळ्यात चांगला. पाळकाने स्वतः हे काम घेऊ नये, त्याला वेळ मिळत नाही. आठवड्यातून एकदा भेटायचं, उघड्या जागी : मैदानावर, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या घाटावर, चहाच्या टपरीवर. बंद खोलीत एकट्याने कधीही नाही, आणि घरच्यांना माहीत नसताना कधीही नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीत मिटवू’ हा पर्याय नाही. संकटातल्या मुलासाठी १०९८.

शाळा सुटली असेल तर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. हा फॉर्म वेळेत भरून देणारा माणूस त्याच्या आयुष्यात नसतो, एवढीच अडचण असते. दहावीनंतर सातपूरचं आयटीआय. आणि नाशिकच्या पोरांच्या बाबतीत सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे भरती. पोलीस भरती, देवळालीमुळे लष्कराची ओढ. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर धावणारी पोरं बघा. जो रात्री अकराला चौकात असतो तो पहाटे साडेपाचला तिथे नसतो, आणि उलटही खरं. धावायचे बूट घेऊन द्या, पाच पोरांचा गट करा, सोबत धावा. अंगावर एक केस पडली की भरतीच्या चारित्र्य पडताळणीत सगळं अडकतं ही गोष्ट त्या मैदानावर जेवढी पटते तेवढी व्यासपीठावरून पटत नाही.

मुलांना कामधंदा शिकवून उभं करणं नाशिकच्या ख्रिस्ती लोकांना नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवली जात होती. त्यांतली काही मुलं आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या मोहिमेत गेली. त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. ज्यांचं कुणी नव्हतं अशा पोरांचा हा इतिहास आहे. शरणपूर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तो कुणाला आठवत नाही, ते असो.

चौकात कायदा समजावून सांगताना

तरुण संघाच्या बैठकीत एखाद्या वकिलाला किंवा पोलीस अधिकाऱ्याला बोलवा, पण विषय आधी ठरवून द्या. नाहीतर ‘आजची पिढी’ या विषयावर तासभर भाषण होतं. पोरांच्या डोक्यात पक्के बसलेले तीन गैरसमज काढायचे आहेत.

पहिला, ‘अठराच्या आत काही होत नाही’. हे त्यांना टोळीतला मोठा सांगतो, कारण कोयता त्याला यांच्या हातात द्यायचा असतो. बाल न्याय कायदा २०१५ नुसार सोळा ते अठरा वयातल्याने अतिगंभीर गुन्हा केला तर प्राथमिक मूल्यमापन होतं आणि खटला प्रौढासारखा चालू शकतो. त्याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये, मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. दोन्ही बाजू सांगा. ‘तुझा भाई तुला वापरतोय, आणि तसं वापरणं हाच वेगळा गुन्हा आहे’ या वाक्यावर पोरं खरोखर विचार करतात.

दुसरा, ‘रील टाकलं तर काय बिघडतं’. कोयता किंवा तलवार घेऊन काढलेला व्हिडिओ हा स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा असतो. हत्यार कायद्याचं कलम ४/२५ लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये पकडलेल्यांकडून ‘नाशिक जिल्हा कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेतलेले व्हिडिओ घरोघर पोचले. लोकांना ते आवडले. भीती बसली हे खरं, पण चौकात व्हिडिओत दिसणं हेच ज्याला हवं होतं त्याला तेही एक रीलच वाटतं, असं माझं मत आहे. आणि अठराखालच्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे. मंडळीच्या ग्रुपवर असला व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवू नका.

तिसरा, ‘एकदाच घेतली, सवय नाही’. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना सापडला, तेव्हा हा माल मुंबईचा प्रश्न नाही हे सगळ्यांना कळलं. पण लहान पोरांची सुरुवात एवढ्या महागड्या मालाने होत नाही. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, झोपेच्या गोळ्या, मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती. आई-बापांना हे ओळखायला शिकवा : रुमालाला येणारा वास, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दुपारची गाढ झोप. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. प्रार्थनेने व्यसन सुटल्याच्या साक्षी मी ऐकल्या आहेत आणि त्यांवर माझा विश्वास आहे. तरी डॉक्टरकडे न्यायचंच, प्रार्थना रिक्षात करा.

पकडलाच गेला तर

मूल अठराखालचं असेल तर वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला, ताबडतोब घेऊन जा. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचं असतं, बेडी घालायची नसते, आणि जामीन हा नियम असतो. मंडळ अहवाल मागवतं तेव्हा मंडळीचं पत्र उपयोगी पडतं, पण त्यात ‘मुलगा फार गुणी आहे’ लिहू नका. कोण त्याला आठवड्याला भेटणार, तो कुठल्या शाळेत किंवा कामावर जाणार, हे लिहा. आई-बापांना हेही सांगा की मंडळासमोर चाललेल्या प्रकरणामुळे पुढे नोकरीत अपात्रता येऊ नये अशी कायद्यात तरतूद आहे. सगळं संपलं असं समजून पोराला घराबाहेर काढू नये.

अठरा ते एकवीसमधल्यासाठी १९५८ चा परिविक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत, एकवीसखालच्याला तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघणं अपेक्षित आहे. वकिलाला याची आठवण करून द्या. वकील रागावले तरी चालतील.

सुटका आणि पहिला आठवडा

सुटण्याचा दिवस कळला तर फाटकाशी कुणीतरी उभं असावं. घरचे असतील तर तुम्ही मागे राहा. कुणीच नसेल तर चप्पल, बसचं भाडं आणि फोन करायला मोबाइल. जुने साथीदार गाडी घेऊन येतात, ते न चुकता येतात, म्हणून हे महत्त्वाचं.

पहिल्या आठवड्यात आधार, बँक खातं, कोर्टाची पुढची तारीख आणि पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर तिचा वार, एवढं वहीत उतरवा. आत शिक्षण सुरू केलं असेल, तर ते पुढे चालवायला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे.

काम मिळवणं अवघड जातं. सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्या पोलिसांचा दाखला मागतात. छोटी वर्कशॉप, फर्निचरवाले, केटरिंग, रंगकाम, द्राक्षांच्या हंगामातली छाटणी आणि पॅकिंग हाउस इथे दार उघडतं. मालकापासून काही लपवायचं नाही. फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र उघडा : पळून गेलेल्या अनेसिमासाठी तो शिफारस करतो आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड म्हणतो. मंडळीतल्या उद्योजकासाठी चिठ्ठी लिहायचा नमुना यापेक्षा चांगला मिळणार नाही. थोडक्यात असं लिहा :

‘या तरुणाला आम्ही कारागृहात भेटत होतो. त्याच्यावर खटला होता/आहे, हे तुम्हाला सांगून पाठवत आहोत. कामावर पहिले तीन महिने आमचा एक माणूस दर आठवड्याला तुम्हाला आणि त्याला भेटेल. अडचण आली तर त्याला काढण्याआधी आम्हाला एक फोन करा.’

पुढचा प्रश्न अवघड आहे आणि आपल्या मंडळ्या तो टाळतात : ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? जक्कयाने पश्चात्ताप केला तो चौपट परत देऊन. तुमचा माणूस स्वतःहून म्हणाला तरच, आणि दुसऱ्या बाजूची पूर्ण तयारी असेल तरच, वकिलाला विचारून काही परतफेड, काही माफी याकडे जा. खटला चालू असताना फिर्यादी किंवा साक्षीदाराच्या घरी पाऊल टाकायचं नाही; त्याला दबाव म्हणतात. पण मार खाल्लेल्या, लुटलेल्या घराला भेट देणारा मंडळीत दुसरा कुणीतरी असावा. आरोपीकडे जाणारे आणि पीडिताकडे जाणारे एकच नसावेत.

पुन्हा आत गेला तर

जातात. काही जण चार महिन्यांत जातात. मंडळीत कुणीतरी ‘सांगितलं नव्हतं का’ म्हणेलच. त्याला उत्तर देत बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, कलम ४७९ च्या वहीत नवी नोंद करा आणि जुन्या प्रकरणासमोर नवं प्रकरण लिहा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो बराकीतून येईल तेव्हा इतरांना जसा नमस्कार करता तसाच त्याला करा. त्याच आठवड्यात घरी जा, आणि धाकट्याची १७ नंबर फॉर्मची फी थोरल्याच्या नव्या केसमुळे अडवू नका. पहाटेच्या धावण्याच्या गटात त्याचं नाव आहे तिथेच राहू द्या, आणि त्याच्या जोडीला लावलेल्या मंडळीतल्या तरुणाला या महिन्यात आठवड्यातून दोनदा जायला सांगा.